आबांची परग्रहावरची कादंबरी

माझ्या वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर कादंबरी लिहिली. तीही विनोदी, आणि तीही परग्रहावरची. यातली कुठलीही एक गोष्ट मी निभावून नेली असती. तिन्ही एकदम अंगावर आल्या तेव्हा मला तोंड लपवायला सांगली शहर कमी पडलं.

मी सांगलीत एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात मी विनोदावर बोलतो, विज्ञानकथेवरही बोलतो. विनोदी विज्ञान कादंबरीत लेखक माणसाला उचलून लांब कुठल्या तरी ग्रहावर का नेऊन ठेवतो, तिथल्या तीन डोळ्यांच्या लोकांमधून आपलाच समाज कसा दाखवतो, हे मी मुलांना फार तन्मयतेनं सांगतो. मुलं लिहून घेतात. परीक्षेत ते हमखास येतं. पण हे सगळं दुसऱ्यांच्या पुस्तकांबद्दल असतं, तोवरच मला सुचतं.

आबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि कडेगावजवळ आमच्या गावी ऊस करत राहिले. आई गेल्यापासून ते एकटेच असतात. आमच्याकडे शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते, तेव्हा मोटर चालू करून बांधावर बसून राहावं लागतं. त्या बसण्यातच आपल्याला गोष्ट सुचली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पुस्तकाचं नाव मी इथं देत नाही. दिलं तर तुम्ही हसाल, आणि ते हसणं पुस्तकातल्या विनोदाला नसेल.

गोष्ट अशी. एक रिटायर फौजी उसाला पाणी पाजायला जातो. त्याच वेळी एक उडती तबकडी थ्री फेज वीज चोरायला आमच्या ट्रान्सफॉर्मरवर उतरते आणि विजेबरोबर ह्या माणसालाही ओढून घेऊन जाते. ज्या ग्रहावर तो पोचतो, तिथं सरकारनं दुःख बंद केलेलं असतं. प्रत्येकानं वर्षातून एकदा कचेरीत जाऊन आपण सुखी असल्याचा दाखला द्यायचा. आमच्याकडे पेन्शनवाले दर वर्षी हयातीचा दाखला देतात ना, तसाच. यंत्रावर अंगठा ठेवायचा. ज्यांचे अंगठे काम करून झिजलेत त्यांचा ठसा उमटत नाही, म्हणून ते सरकारदरबारी दुःखी ठरतात. त्यांनी हसून दाखवलं तरी साहेब म्हणतो, हसण्याचं आम्हाला काही नाही, अंगठा आणा.

आता लिहिताना मला दिसतंय की हे बरंच चांगलं आहे. तेव्हा दिसलं नाही. आबांनी वाचायला दिलेली वही मी हातात लाल पेन घेऊन उघडली आणि पहिली दोन प्रकरणं फक्त अनुस्वार दुरुस्त करत गेलो. ऱ्हस्व-दीर्घ तपासताना माणसाला हसू येत नसतं.

आबांचं मात्र एकच पालुपद. मी रोज संध्याकाळी फिरायला बाहेर पडलो की त्यांना फोन करतो. जेवणाचं विचारतो, गोळ्यांचं विचारतो, काही लागलं तर सांगा म्हणतो. त्या महिन्यांत माझं विचारून व्हायच्या आत ते विचारायचे.

"वाचलंस का रं?"

"वाचतोय, आबा. चांगलं आहे."

"चांगलं हाय का, ते न्हाई इचारलं. हसलास का?"

"हो, म्हणजे, मजा आहे त्यात."

"कुठं हसलास?"

मग मी रस्त्यावर गाडी आली, आवाज येत नाही, नंतर करतो, असं काहीतरी सांगून सुटका करून घ्यायचो. चाळिशी ओलांडलेला प्राध्यापक मी, गृहपाठ न केलेल्या पोरासारखा बापाला चुकवत होतो.

पुस्तक त्यांनी सांगलीतच स्वखर्चानं छापून घेतलं. मुखपृष्ठावर हिरवागार ऊस आणि त्यावर तरंगणारी चांदीच्या ताटासारखी तबकडी. पुस्तक हातात आल्यावर आबांना धीर धरवेना. बँकेतल्या कॅशिअरला दिलं, एसटीच्या कंडक्टरला दिलं, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्यांना दिलं. आबा गरीब स्वभावाचे वगैरे अजिबात नाहीत. त्यांचा आवाज परेडच्या मैदानासाठी घडलेला आहे आणि संकोच ही वस्तू त्यांना फौजेच्या कँटीनमध्ये कधी मिळालीच नसावी. एक दिवस ते पिशवीभर पुस्तकं घेऊन थेट आमच्या स्टाफरूममध्ये आले. कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर पदकांची पट्टी. प्रत्येकाच्या टेबलावर एक एक प्रत ठेवत त्यांनी सांगितलं, "वाचा आणि हसला तर कळवा. न्हाई हसला तरी कळवा."

सहकारी उठून उभे राहिले, नमस्कार केला, चहा मागवला. सगळे सभ्य लोक आहेत. पण मुखपृष्ठ बघून त्यांनी एकमेकांकडे जे बघितलं ते मी बघितलं. कुणी काही बोलायच्या आत मीच हसत म्हणालो, "आमच्या आबांचा टाईमपास. एकटे असतात ना." आबा तिथंच उभे होते. चहाचा कप त्यांनी तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

प्रकाशन कडेगावातल्या एका मंगल कार्यालयात ठरलं. आमच्याकडे पुस्तकाचं प्रकाशन आणि लग्न यांत फार फरक करत नाहीत. फेटे, सत्कार, नारळ, जेवण, सगळं तेच. त्यात आदल्या दिवशी तिथं खरंच लग्न होतं आणि तारखा सलग असल्यामुळं कुणी सजावट काढली नव्हती. व्यासपीठामागं थर्माकोलच्या अक्षरांत 'शुभविवाह' तसंच होतं आणि त्याखाली आबा, मी आणि अध्यक्ष असे तिघं फेटे बांधून सोफ्यावर बसलो होतो. समोर पंचक्रोशीतले माजी सैनिक, भावकी, बायामाणसं आणि जेवणाच्या आशेनं आलेले काही अनोळखी लोक. हॉल भरला होता. आबांनी घरोघर जाऊन आवतन दिलं होतं.

अध्यक्ष म्हणजे आमच्या भागातले एक जुने पुढारी. त्यांनी पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण मुखपृष्ठावरचा ऊस नीट पाहिला होता आणि 'विज्ञान' हा शब्दही वाचला होता. त्या दोन गोष्टींवरून त्यांनी आपलं अनुमान काढलं होतं. "सुभेदारसाहेबांनी ऊसशेतीच्या आधुनिक विज्ञानावर ग्रंथ लिहून शेतकऱ्यांना मार्गदर्शन केलं आहे," ते म्हणाले. "वर जी तबकडी दाखवलीय ती औषध फवारायच्या ड्रोनची. पुढचा काळ ड्रोनचाच आहे." मग ते ठिबक सिंचनावर बोलले, हुमणी किडीवर बोलले, उसाच्या दरावर तर फारच बोलले. लोक माना डोलवत होते. दोघांनी उभं राहून ड्रोनला अनुदान किती ते विचारलं. मी फेट्यात मान घालता आली तर बघत होतो.

त्यांच्यानंतर पुस्तकाचा परिचय करून द्यायला मी उभा राहिलो. हे काम आबांनी दोन महिने आधीपासून माझ्यावर सोपवलं होतं. माझ्यासाठी फार अवघड नव्हतं ते. दुसऱ्यांच्या पुस्तकांवर तास तास बोलणारा मी, अध्यक्षांची चूक दोन वाक्यांत हळुवार सुधारून गोष्ट सांगू शकलो असतो. पण माझ्या डोळ्यांसमोर मागची थर्माकोलची अक्षरं आणि सोशल मीडियावर फिरणारे फोटो आले. मी म्हणालो की ज्येष्ठांच्या लेखनाकडं आपण कौतुकानं पाहिलं पाहिजे. निवृत्तीनंतर मन रमवणं आरोग्यासाठी चांगलं असतं, असंही म्हणालो. ग्रह, तबकडी, सुखाचा दाखला, यातलं एक अक्षर मी उच्चारलं नाही. टाळ्या पडल्या. आबांनी वाजवल्या नाहीत. ते माझ्याकडं एकटक बघत होते आणि मी सोफ्यावरची माझी जागा शोधत होतो.

मग आबा उठले. त्यांनी माईक बाजूला सारला. त्यांना माईक लागत नाही.

"साहेबांनी सांगितलं ते ठिबकचं बरोबर हाय," ते म्हणाले, "पर पुस्तकात न्हाई. पुस्तकात काय हाय ते मी वाचतो."

त्यांनी आधी सुखाच्या दाखल्याचं प्रकरण वाचलं. पेन्शनवाल्यांनी भरलेला तो हॉल पहिल्यांदा दचकला आणि मग खो खो हसायला लागला. समोरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं स्वतःचा अंगठा वर करून दाखवला. आबा थांबले नाहीत, हसले नाहीत, हजेरी घेतल्यासारखे एका सुरात वाचत राहिले. हसवणाऱ्यानं स्वतः हसू नये, हे मी वर्गात शिकवतो. आबांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. मी किंचित सैलावून बसलो. तेवढ्यात त्यांनी पान उलटलं आणि मी न वाचलेल्या भागाला सुरुवात केली.

त्या ग्रहावर सगळी तरुण माणसं लांबच्या चांदण्यांवर नोकरीला असतात. आईबापांना दुःख होऊ नये म्हणून सरकार घरोघर एक डबा देतं. डब्यात मुलाचा आवाज. सकाळ-संध्याकाळ तो डबा बोलतो. जेवलात का? गोळ्या घेतल्या का? काही लागलं तर सांगा. आईबाप सांगायला जातात तोवर डबा बंद झालेला असतो. पण सवय होते, डबा लाडका होतो, शेजारीपाजारी आपापल्या डब्याचं कौतुक सांगतात, कुणाचा डबा किती गोड बोलतो यावरून बायकांची भांडणं होतात. मग एक दिवस त्यातल्या एका घरी खरा मुलगा येतो. इतक्या लांबून, धुळीनं माखून, दारात उभा राहून हाका मारतो. आत म्हातारी डब्याला कान लावून बसलेली. ती हात वर करून त्याला म्हणते, "गप बस की जरा. माझा मुलगा बोलतोय."

हॉल फुटला. मी आयुष्यात इतके लोक एकदम हसताना पाहिले नव्हते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, माजी सैनिक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. ड्रोनची माहिती विचारणारे दोघं डोळे पुसत होते. अध्यक्षांना इतका वेळ काही कळलं नव्हतं, पण हे कळलं. त्यांनी माझ्या मांडीवर चापट मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "प्राध्यापक, हे तुमचंच की हो!"

माझे कान तापले. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, काही लागलं तर सांगा. शब्द न् शब्द माझा होता. क्रमसुद्धा तोच. रोज संध्याकाळी सांगलीतल्या विश्रामबागेच्या रस्त्यावर चालत चालत, पावलांचा हिशेब ठेवणारं घड्याळ मनगटावर बांधून, मी जे बोलायचो ते माझ्या बापानं डब्यात भरलं होतं आणि गावासमोर उघडलं होतं. भर मांडवात कुणी अंगावरचे कपडे काढून घ्यावेत तसं झालं. मी सोफ्यावर बसून गुडघ्यांकडं बघत राहिलो. त्या सगळ्या हॉलमध्ये न हसणारा मी एकटाच असेन, असं मला वाटलं.

जेवणाच्या पंगतीत लोक आबांकडं येत होते आणि मी बाजूला ताट घेऊन उभा होतो, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. एकजण म्हणाला, आमच्या पुण्याच्या पोराचंच लिहिलंय तुम्ही. दहिवडीकडून लेकीकडं आलेली एक म्हातारी होती, तिची दोन्ही मुलं मुंबईत. ती आबांचा हात धरून म्हणाली, "आवं, माझ्या पोराचं तुमास्नी कुणी सांगितलं वो?" आबा कुणालाच हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. नुसतं, जेवून जावा, जेवून जावा. मला त्या प्रत्येकाचा राग येत होता. तुमचं कसलं, माझं आहे ते, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि असं वाटल्याची आणखी वेगळी लाज.

त्यांना घरी सोडायला निघालो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. हंगाम सुरू होता. गावाच्या वळणाआधीच उसानं भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. पुढं कुठंतरी एक ट्रॉली कलंडली होती म्हणे. गाडी बंद करून बसण्यावाचून इलाज नव्हता. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. 

"आबा," मी म्हणालो, "मला आधी सांगायचं तरी. सगळ्या गावासमोर."

"काय सांगायचं?"

"तो मुलगा मीच ना? तो डबा. माझंच बोलणं घातलंय तुम्ही."

आबांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी भलत्याच कुणाबद्दल विचारतोय.

"बोलणं तुझं घेतलंय," ते म्हणाले. "त्यात काय. सोपं पडलं, रोज ऐकतो. पर तू कुठला त्यात? तुला मी फोनवर उलट इचारतो, तू उत्तर देतोस. खोटं देतोस, पर देतोस की. डब्याला ते जमत न्हाई." मग ते म्हणाले, "त्यो पोरगा मी हाय."

पुढं विचारायची लायकी त्या दिवशी मी घालवून बसलो होतो. तेच सांगायला लागले, समोरच्या ट्रॉलीतल्या उसाकडं बघत.

ते फौजेत नवीन होते, लग्न व्हायचं होतं. त्यांची आई गावी एकटी. माझी आजी ती, मी जन्मायच्या आधीच गेली, मी तिला पाहिलेलं नाही. एका सुट्टीत आबांनी तिच्यासाठी कॅसेटचा टेप आणला आणि परत गेल्यावर युनिटमधल्या एका दोस्ताच्या टेपवर स्वतःचा आवाज भरून कॅसेट पाठवली. मी खुशाल हाय, तू जेवत जा, औषध घेत जा, काय लागलं तर मास्तरला सांगून कळीव. एवढंच. पुढं काय बोलावं ते सुचलं नाही म्हणून उरलेल्या कॅसेटमध्ये नुसतं वारं आणि मागून जाणारे ट्रक. म्हातारी रोज संध्याकाळी ते सगळं ऐकायची, ट्रकसकट.

"सेल उतरले की माझा आवाज जाड व्हायचा," आबा म्हणाले. "मग ही शेजारणीस्नी सांगायची, पोराला तिकडं थंडी बाधली. नवं सेल घातलं की म्हणायची, उतार पडला."

पुढच्या सुट्टीला ते न कळवता आले. चालत, पेटी खांद्यावर घेऊन, आईला चकित करायचं म्हणून. ती टेपजवळ बसली होती.

"म्हणाली, गप रं, माझं प्वार बोलतंय." आबांनी मांडीवरचा फेटा उगाच सारखा केला. "लोकं त्यावर हसली तिथवर बरोबर हाय. पुढचं मी पुस्तकात घातलं न्हाई. मी चिडलो. जवान गडी, दोन दिवस रेल्वेत उभा ऱ्हाऊन आलेला. खटकन टेप बंद केला. म्हणलं, आये, मी हितं उभा हाय. तर माझ्याकडं बघून म्हणाली, तू काय, तू जाणार हायस. ह्यो न्हाई जात."

पुढं एक ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला आणि पुन्हा बंद झाला.

"मग?" मी म्हणालो.

"मग गेलोच की. त्यानंतरच्या सुट्टीला आलो तवा ती न्हवती." मग ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "हितल्या गावात ठिवून लिव्हलं आसतं तर एक वळ कागदावर आली नसती. म्हणून तिकडं नेलं. तीन डोळं लावलं तिला. मग जमलं."

विनोदी विज्ञान कादंबरीकार माणसाला परग्रहावर का नेतो, यावर माझं एक तासाचं व्याख्यान आहे. ते आठवून मला माझी किळस आली. दिवसभर मी आधी वडिलांची लाज बाळगली, मग स्वतःची, आणि त्या सगळ्यात एकदाही, एका क्षणासाठीही, हा माणूस काय सांगतोय याकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. त्यांच्या आईची गोष्टसुद्धा मी माझीच समजून बसलो होतो.

"आबा, मी आज जे बोललो स्टेजवर..."

"ते सोड," त्यांनी हात झटकला. "एक सांग. खरं सांग पर. समदं कार्यालय हसलं. तू हसला न्हाईस, मी वाचता वाचता बघत हुतो. तुला हसू आलं न्हाई व्हय?"

या वेळी आवाज येत नाही म्हणायची सोय नव्हती.

"नाही आलं, आबा."

ते मान हलवत राहिले. रागावले नव्हते, दुखावलेही नव्हते. इतके महिने ते फोनवर तेच तेच का विचारत होते, ते मला त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं.

"मलाबी न्हाई आलं," आबा म्हणाले. "लिव्हताना न्हाई, वाचताना न्हाई, अजून न्हाई. म्हणलं, तू शिकलेला हायस, तुला तरी येतंय का बघावं."